शुगरचं मशीन घेताना आधी बोटं बघा

ग्लुकोमीटर विकत आणतो तो बहुतेक घरांत मुलगा, मुलगी नाहीतर जावई. आणि वापरणार असतात आई, सासरे किंवा गावाकडची आत्या. घेणारा चाळिशीतला, नजर शाबूत, मोबाइलवर बोटं सफाईनं फिरणारी. तो ऑनलाइन दुकानात चार मशीनं शेजारीशेजारी लावून बघतो. एकात पाचशे रीडिंगची मेमरी, दुसऱ्यात ब्लूटूथ, तिसऱ्यात ॲपवर आलेख. सगळ्यांत जास्त सोयी असलेलं मागवतो. महिनाभरानं ते मशीन कपाटात बीपीच्या मशीनशेजारी जाऊन पडलेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मला नाही बाबा ते जमत. लॅबवाला येतो घरी, तो बरा."

जमत नाही म्हणजे नेमकं काय जमत नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तर कळतं की अडचण मेमरीची किंवा आलेखाची नसतेच. डबीचं झाकण उघडत नाही. पट्टी चिमटीत धरली जात नाही. पट्टीचं कुठलं टोक आत घालायचं ते दिसत नाही. टोचलं तर रक्त येत नाही, आलं तर पट्टीला लागेपर्यंत मशीन बंद. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. तेव्हा हे मशीन घ्यायची वेळ तुमच्यावर आली नसेल तर शेजाऱ्यावर नक्कीच आली असेल.

या यंत्राची सुरुवातच मुळी वापरणाऱ्याला बाहेर ठेवून झाली होती. १९७० च्या सुमारास अमेरिकेत एम्स कंपनीनं पहिलं मीटर काढलं ते किलोभराहून जड होतं आणि फक्त डॉक्टरांना विकलं जाई. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका मधुमेही इंजिनिअरला ते हवं होतं. त्याची बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर त्यानं ते मिळवलं आणि घरच्या घरी दिवसातून अनेकदा शुगर तपासायला लागला. पुढे तो स्वतः डॉक्टर झाला. आज मशीन तळहातावर मावतं, मेडिकलच्या काउंटरवर मिळतं. पण ते वापरणाऱ्याच्या हातात देऊन बघण्याची पद्धत काही आपल्याकडे रुळलेली नाही.

नमस्कार करून बघा

दुकानात जाण्याआधी घरी एक गोष्ट करा. ज्यांच्यासाठी मशीन घ्यायचं आहे त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार करायला सांगा. तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का, की मधे फट राहते? बरीच वर्षं मधुमेह असलेल्या कित्येकांची बोटं सरळ होत नाहीत. त्वचा आणि सांध्याभोवतीचे पडदे ताठरतात आणि हात जोडले तरी बोटांमध्ये पोकळी दिसते. डॉक्टर याला प्रार्थना-चिन्ह म्हणतात. दुखत नसल्यामुळे घरात ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. त्यात बोटांच्या टोकांना बधिरता असेल तर चिमटीत काय धरलंय हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघावं तर डोळ्यांवर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार. बारीक पट्टी, बारीक खाच आणि बारीक अक्षरं हाताळायला जे लागतं, नेमकं तेच हा आजार हळूहळू काढून घेतो.

म्हणून दुकानात शक्यतो त्यांनाच घेऊन जा. ते शक्य नसेल तर त्यांचा वाचायचा चश्मा उतरवल्यावर त्यांना किती दिसतं, थरथर कितपत आहे, एकटे राहतात की सोबत कुणी असतं, एवढं तरी मनाशी पक्कं करून जा. काउंटरवर डेमोचं मशीन मागा. सगळीकडे मिळतं असं नाही, पण बऱ्या चालणाऱ्या मेडिकलमध्ये एखादं उघडं मशीन असतं. नसेल तर ओळखीत, सोसायटीत ज्याच्याकडे ते मॉडेल आहे त्याच्याकडे जाऊन एकदा हाताळून बघा.

आमच्या आत्याबाईंचं वय ७४. सांगलीच्या एका मेडिकलमध्ये त्यांच्यासमोर दुकानदारानं दोन मशीनं मांडली आणि दोन्हींचे गुण सांगायला सुरुवात केली. आत्याबाईंचं लक्ष मशीनकडे नव्हतंच. त्यांनी पट्ट्यांची डबी उचलली. बुटकी, गोल, झाकण गच्च बसलेलं. अंगठ्यानं उघडेना, म्हणून दातानं उघडायला निघाल्या. उघडल्यावर आत पट्ट्या इतक्या दाटीनं उभ्या की दोन बोटं जाईनात. डबी तिरकी केली तर पाच-सहा पट्ट्या काउंटरवर सांडल्या. दुकानदारानं पटकन गोळा केल्या. सांडलेली, हाताळलेली पट्टी वापरू नये असं तोच नंतर म्हणाला. दुसऱ्या मशीनची पट्टी एकेक वेगळ्या पाकिटात होती. ते पाकीट फाडायला कात्री लागली, पण सांडायचा प्रश्न नव्हता. आत्याबाईंनी ते घेतलं आणि मशीनच्या पाऊचमध्ये एक छोटी कात्री दोरीनं बांधून ठेवली. ब्लूटूथ कुठल्यात होतं हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

तेव्हा मशीनच्या आधी पट्टी पाहा. पट्टी रुंद आणि जरा जाड असेल तर ताठर बोटांना बरं. आत घालायचं टोक आणि रक्त घ्यायचं टोक रंगानं किंवा आकारानं स्पष्ट वेगळं हवं. रक्त घेण्याची जागा टोकाला आहे की बाजूला, हेही बघा. थरथरत्या हाताला टोकाची रुंद कड सोपी जाते. आता बहुतेक पट्ट्या थेंबाला टेकवल्या की रक्त आपोआप आत ओढून घेतात. वरून थेंब सोडायची पद्धत अजून काही मशीनांत आहे, आणि हात कापत असेल तर तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. रक्त किती लागतं हे खोक्यावर मायक्रोलिटरमध्ये लिहिलेलं असतं. अर्धा मायक्रोलिटर म्हणजे मोहरीएवढाही थेंब नाही. एक किंवा दोन लागत असतील तर टोचणी खोल ठेवावी लागते, आणि वयस्कर माणसांत थेंब पुरेसा न आल्यानं पट्टी वाया जाण्याचं प्रमाण वाढतं. काही मशीनं थेंब कमी पडला तर एरर दाखवण्याऐवजी काही सेकंद थांबून त्याच पट्टीला आणखी रक्त लावू देतात. माझ्या मते ही एक सोय ब्लूटूथ आणि ॲप दोन्हींना भारी आहे. पट्टी वाया गेली की वीस रुपये जातात, ते परवडतं. पण पुन्हा टोचून घ्यायच्या कल्पनेनंच माणूस "उद्या बघू" म्हणतो, आणि तिथून तपासणी सुटते.

यानंतर पडदा. आकडा किती मोठा दिसतो ते हातभर अंतरावरून बघा आणि दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली नको, जरा काउंटरच्या कोपऱ्यात. मागून उजेड असेल तर उत्तम. पट्टी घालायच्या खाचेतही दिवा असेल तर रात्री फार उपयोग होतो. पट्टी घातली की मशीन आपोआप सुरू झालं पाहिजे. बटणं जितकी कमी तितकं चांगलं. जुन्या पद्धतीच्या मशीनांत पट्टीच्या प्रत्येक नव्या डबीबरोबर कोड जुळवावा लागतो, चिप बदलावी लागते. कोड चुकला तर आकडा बिनबोभाट चुकतो. आता कोड न लागणारी मशीनं भरपूर आहेत, तीच घ्या. सेल कुठला लागतो ते विचारा. नाण्यासारखा चपटा सेल बहुतेक मेडिकलमध्ये आणि घड्याळाच्या दुकानात मिळतो, पण तो बदलायला झाकणाचा बारीक स्क्रू काढावा लागत असेल तर त्या कामाला दरवेळी दुसरं माणूस शोधावं लागेल.

बोलणारी मशीनंही मिळतात, आकडा वाचून दाखवणारी. नजर फारच अधू असेल तर जरूर बघा, पण आवाज कुठल्या भाषेत आहे हे आधी ऐका. शिवाय पट्टी घालणं आणि थेंब लावणं ही दोन्ही कामं डोळ्यांचीच राहतात, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट दुकानातच समजावून घ्या, कारण तिच्यावरून होणारे घोटाळे गमतीचे नाहीत. शुगर मोजण्याच्या पलीकडे खाली गेली, म्हणजे बहुतेक मशीनांत २० च्या खाली, तर पडद्यावर आकडा न येता इंग्रजीत 'लो' येतं; ६०० च्या वर गेली तर 'हाय'. मशीन नमस्कार करतंय असं समजून हसून सोडून देणारे आजोबा असतात, आणि 'लो' म्हणजे शुगर कमी झाली, चांगलंच झालं, असं मानणाऱ्या आजीही. ही दोन्ही अक्षरं म्हणजे ताबडतोब डॉक्टर. कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून पाऊचला चिकटवून ठेवा.

मसाल्याचा हिशेब

मशीनची किंमत बघून मशीन निवडणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मशीन साधारण सातशे ते दीड हजारात येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. पट्टी मात्र एकेक पंधरा ते तीस रुपयांची. वीस रुपयांची धरली आणि दिवसाला एकच तपासणी केली तरी महिन्याला सहाशे, वर्षाला सात हजारांच्या वर. कंपन्याही मशीन स्वस्तात, कधी पट्ट्यांबरोबर फुकटच देतात ते यामुळेच. एका कंपनीची पट्टी दुसऱ्याच्या मशीनला चालत नाही, इतकंच काय, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या पट्ट्याही बहुधा वेगळ्या असतात. तुम्ही खरेदी करता ती पुढच्या पाच-सात वर्षांच्या पट्ट्यांची. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुन्या छापील किमतीचा माल कुणी देत असेल तर विचारून घ्या.

निवड करताना मी तरी आधी गावातल्या मेडिकलवाल्याला विचारीन: तुमच्याकडे कुठल्या पट्ट्या सगळ्यांत जास्त जातात? अ‍ॅक्यु-चेक, वन टच, कॉन्टूर, डॉ. मोरपेन ही नावं बहुतेक शहरांत मिळतात, पण तालुक्याच्या ठिकाणी यातलं एखादंच नियमित असतं. जी पट्टी खपते ती ताजी असते. जी ऑनलाइनच मागवावी लागते ती जून-जुलैत नदीला पूर आला की चार दिवस उशिरा येते, आणि तोवर कुरिअरच्या गोदामात कशा अवस्थेत पडली होती हे कुणाला ठाऊक.

डबीचं माप आणि तपासणीचं प्रमाण जुळवा. उघडलेली डबी काही कंपन्यांची तीन महिने, काहींची सहा महिने चालते. काही छापील मुदत संपेपर्यंत चालतात असं सांगतात. हे डबीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. गोळ्यांवर असलेला आणि आठवड्यातून दोनदाच तपासणारा माणूस पन्नासची डबी संपवायला जवळजवळ सहा महिने घेतो. त्याला पन्नासची डबी स्वस्त पडते हा भास आहे. पंचवीसची किंवा सुट्या पाकिटांची घ्यावी. डबी उघडल्याची तारीख मार्करनं डबीवरच लिहा.

परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या मशीनबद्दल एक शब्द. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. तिकडचं मशीन ५.६ दाखवेल तेव्हा आपल्याकडे ते १०० असतं. १० दाखवेल तेव्हा १८०. अठरानं गुणायचं. बहुतेक मशीनांत हे एकक कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, बदलता येत नाही. सत्तरीतल्या माणसाला घाबऱ्या वेळी अठराचा पाढा म्हणायला लावण्यात अर्थ नाही. आणि त्याच्या पट्ट्या इथं मिळतीलच असंही नाही. मुलांना पैसे पाठवायला सांगा, मशीन इथंच घ्या.

आकडा किती खरा

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रार येते: "एकदा १३८ दाखवलं, लगेच परत केलं तर १५१. मशीन खराब आहे." खराब नाही. घरगुती मीटरसाठी आयएसओ १५१९७:२०१३ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यानुसार शुगर १०० च्या वर असताना शंभरातली ९५ रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आली पाहिजेत; १०० च्या खाली असताना १५ अंकांच्या आत. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात या प्रमाणाचा उल्लेख आहे का ते पाहा, नसेल तर ते मशीन स्वस्त असलं तरी ठेवून द्या. हे प्रमाण पाळणाऱ्या मशीनला लॅबच्या १४० ला ११९ ते १६१ पर्यंत काहीही दाखवायची मुभा आहे. गोळीचा डोस ठरवायला हे पुरतं. दोन-चार अंकांवरून जीव खालीवर करणाऱ्याला मात्र ते कधीच पुरणार नाही.

लॅबशी ताडून बघायचं तर उपाशीपोटीच्या तपासणीला मशीन बरोबर घेऊन जा. शिरेतून रक्त काढलं की लगेच, पाच मिनिटांत, बोटाची तपासणी करा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. जेवणानंतरच्या रक्ताशी तुलना करू नका. जेवल्यावर बोटातल्या केशवाहिन्यांतलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा गोड असतं, २०-३० अंकांचा किंवा त्याहून जास्तही फरक पडतो, आणि उगाच मशीनला बोल लागतो. आणि 'तीन महिन्यांची सरासरी', म्हणजे एचबीए१सी, ही वेगळीच तपासणी आहे. मशीन नियमित वापरलं म्हणून ती टाळता येत नाही.

ॲनिमिया असेल तर डॉक्टरांना विचारूनच मशीन घ्या. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी असल्या की बहुतेक पट्ट्या शुगर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. धोका लक्षात घ्या: खरी शुगर ६५ असताना मशीन ८० म्हणेल आणि माणूस निर्धास्त राहील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे ही दूरची गोष्ट नाही. माहितीपत्रकात 'हिमॅटोक्रिट' शब्दापुढे एक पट्टा दिलेला असतो. ३० ते ५५ टक्के असा अरुंद पट्टा असेल आणि हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल, तर ते मशीन त्या माणसासाठी नाही. काही नव्या मशीनांचा पट्टा बराच रुंद असतो. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांनीही आपल्या किडनीच्या डॉक्टरांना मॉडेल दाखवल्याशिवाय मशीन घेऊ नये. त्या द्रवातल्या एका घटकामुळे काही प्रकारच्या पट्ट्या शुगर खोटी चढवतात. 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत असाल तर तेही सांगा.

पण घरोघरी आकडा चुकतो तो यापेक्षा फार साध्या कारणानं. हात. मे महिन्यात आमरसासाठी हापूस पिळून झाला, हात पंचाला पुसले आणि बोट टोचलं. आंब्याचा जो अंश कातडीवर राहिला तो थेंबात मिसळतो, आणि थेंब इतका छोटा की तेवढ्यानं आकडा दोनशे-तीनशेपर्यंत उडू शकतो. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून हा गोडवा नीट जात नाही. साबण-पाण्यानं हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मगच टोचायचं. कोमट पाणी असेल तर बरं, बोटात रक्त उतरतं. प्रवासात पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. आणि बोट लिंबासारखं पिळू नये. पिळलं की रक्तात पेशीबाहेरचं पाणी मिसळून आकडा बिघडतो. हात खाली लोंबता ठेवून जरा हलवला की थेंब येतो.

पट्टीवर एक एन्झाइमचा थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि मशीन तो मोजतं. हा थर ओल आणि उष्णता दोन्हींना नाजूक. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवा असं सांगितलेलं असतं, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतही पारा ४५ च्या पुढे जातो. रत्नागिरीत जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तेव्हा पट्ट्या स्वयंपाकघरात नकोत, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नकोत, आणि माठाशेजारी किंवा फ्रीजमध्येही नकोत. फ्रीजमधून काढलेल्या डबीत दव धरतं. घरातली सगळ्यांत थंड, कोरडी खोली आणि त्यातलं खालचं कपाट. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच बंद. पट्ट्या दुसऱ्या सुटसुटीत डबीत काढून ठेवण्याचा मोह होतो, करू नका. मूळ डबीच्या आत ओल शोषणारा थर असतो. मशीनलाही कामाच्या तापमानाची मर्यादा असते, साधारण चाळिशीच्या आसपास. उन्हातून आल्यावर लगेच तपासलं तर थर्मामीटरचं चिन्ह दाखवून ते आकडा देत नाही. थोडा वेळ पंख्याखाली ठेवलं की चालू होतं.

टोचणी

मशीन निवडताना टोचणीचं पेन कुणी बघत नाही, आणि भीती सगळी त्याचीच. पेनाचं स्प्रिंग ओढायला किती जोर लागतो ते हातानं ओढून बघा. संधिवात असलेल्या बोटांना काही पेनं ओढवतच नाहीत. खोली कमीजास्त करायचा आकडा असतो, एकपासून सुरू करून रक्त येईपर्यंत वाढवा. सुईच्या नंबरात आकडा मोठा तितकी सुई बारीक: ३३ ची सुई २८ पेक्षा बारीक. सुई बदलताना टोपण काढणं जमत नसेल तर एकदा वापरून टाकायच्या, दाबली की टोचणाऱ्या सुया मिळतात. महाग पडतात, पण एकट्या राहणाऱ्या थरथरत्या हातांना त्यासारखं सुख नाही. बोटाच्या अगदी टोकावर टोचू नका, तिथं सगळ्यांत जास्त दुखतं. कडेला टोचा, बोटं बदलत राहा.

नवरा-बायको दोघांनाही शुगर, मशीन एकच, असं चित्र नेहमीचं. शक्य असेल तर दोन मशीनं घ्या, मेमरीची सरमिसळ तरी टळते. पण पेन आणि सुई मात्र कुठल्याही परिस्थितीत एकाची दुसऱ्याला नाही, सुई बदलली तरी पेन नाही. पेनाच्या टोपणाला लागलेलं रक्त दिसत नाही आणि कावीळ 'बी'सारखे आजार तेवढ्यानं पसरतात. हळदीकुंकवाला आलेल्या चार जणींची शुगर कौतुकानं एकाच पेनानं तपासून देणाऱ्या सूनबाईंना हे सांगायची वेळ येते. वापरलेल्या सुया कचऱ्यात सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, भरली की झाकण घट्ट लावून वर 'सुया' असं लिहा आणि घंटागाडीवर वेगळी द्या. कचरा हातानं निवडणारी बाई असते.

दंडावर चिकटवायच्या सेन्सरबद्दल आता बरेच जण विचारतात. चौदा दिवस राहतो, टोचावं लागत नाही, मोबाइल जवळ धरला की आकडा दिसतो. दिवसातून तीन-चारदा इन्शुलिन घेणाऱ्यांना, रात्री शुगर उतरणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग आहे. एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात, आणि तो रक्त न मोजता कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. अंगाची लक्षणं आणि सेन्सर जुळले नाहीत तर बोट टोचूनच खात्री करायची असते. म्हणजे साधं मशीन घरात लागतंच. न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की असं एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही.

मशीन घरी आणल्यावर तारीख आणि वेळ बरोबर लावून द्या. हे क्षुल्लक वाटतं, पण डॉक्टर मेमरी चाळतात तेव्हा १८६ हा आकडा पहाटेचा की जेवणानंतरचा, हे त्यांना त्यावरूनच कळतं. किती वेळा आणि केव्हा तपासायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गोळ्यांवरच्या माणसाला रोज चारदा टोचायची गरज नसते. घरातल्या आणखी एकाला, कामाला येणाऱ्या मावशींना किंवा शेजारच्या दहावीतल्या मुलाला, मशीन चालवायला शिकवून ठेवा.

कारण मशीनची खरी गरज पडते ती रात्री दोन वाजता. घाम फुटलेला, हात कापतायत, बोलणं अडखळतंय. अशा वेळी मशीन उशाजवळ हवं, माडीवरच्या कपाटात नको. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच द्या, आणि चढल्यावर काहीतरी खायला द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर चढत नाही, ग्लुकोज पावडरच लागते; तिचा पुडा मशीनच्या पाऊचमध्येच ठेवा. पट्टी सापडत नसेल, मशीन एरर दाखवत असेल, तर त्याच्या नादी न लागता आधी गोड द्या, तपासणी मागाहून करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.